लॅटेक्सची कॉलर अन् बाह्या घरी कशा बनवायच्या (नागपूरच्या उन्हाचा विचार करून)

म्युझिक व्हिडिओसाठी कोणी लॅटेक्सचा, म्हणजे चमकत्या पातळ रबराचा ड्रेस मागितला की मी आधी हेच सांगतो, पूर्ण सूटचं डोक्यातून काढून टाका, उंच कॉलर, मनगट ते कोपर बाह्या अन् एक रुंद बेल्ट एवढंच करू. लॅटेक्समधून हवा जातच नाही, घाम आतल्या आत साचते, अन् नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, पारा 45 च्या आसपास असताना माणसाला पूर्ण रबरात घालून फुटाळा तलावावर नाचवलं तर तो चक्कर येऊन पडेल. तसंही क्लोजअपमध्ये गळा अन् हातच दिसतात.

शीट मिलिमीटरच्या जाडीवर मिळते. बाहीला 0.4 घ्या, कॉलर उभी राहायला पाहिजे म्हणून 0.6. मला इथे दुकानात मिळाली नाही, ऑनलाइनच मागवावी लागली, त्यामुळे पहिल्यांदा थोडी जास्तीची मागवा, तुकडे प्रॅक्टिसला लागतातच.

माप कपड्यासारखं घ्यायचं नाही. रबर ताणून बसलं तरच चमकते, सैल राहिलं की सुरकुत्या पडतात. हाताचा घेर 26 सेंमी असेल तर बाही 24 ची ठेवा अन् जोडासाठी 1 सेंमी वाढवा, म्हणजे कापायचं 25. गळ्याला मात्र हा हिशोब लावू नका, तिथे जेवढं माप तेवढंच, कारण गाणाऱ्याला श्वास घ्यायचा आहे. कापायला नवीन ब्लेडचा रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा. कडेला बारीकशी जरी खाच राहिली तरी ताण आला की तिथूनच टरकन फाटते.

आता मुख्य काम, चिकटवणं. सुई लावायचीच नाही, प्रत्येक भोकातून रबर फाटत जाते. पंक्चरवाले वापरतात त्या जातीचं रबर सोल्युशन घ्या, झटपट चिकटणारा गोंद नको, त्याचा जोड कडक होऊन तडकते. शीटवर पावडर असते, म्हणून दोन्ही कडा आधी थिनरने पुसा, अन् एकदा नाही, दोनदा पुसा, माझे सुरुवातीचे जितके जोड सुटले ते सगळे इथेच कच्चे राहिले होते. मग दोन्ही कडांना एकदम पातळ थर. थर लावला की कड वर गुंडाळायला लागते, घाबरू नका, सोल्युशनमुळे रबर फुगलेलं असते, पाच-दहा मिनिटांत ती परत सपाट होते, अन् सपाट झाली, बोटाला चिकट लागते पण ओलं लागत नाही, तीच जोडायची वेळ. मधून सुरुवात करा, न ताणता ठेवा, रोलरने दाबत जा, एक दिवस ताण देऊ नका.

अन् हे आपल्या गावासाठी खास, कूलरसमोर हे काम करू नका! सोल्युशन उडताना पृष्ठभाग थंड होते, कूलरची ओलसर हवा त्यावर बसते, थर पांढुरका पडते अन् जोड धरत नाही. पावसाळ्यात पण हाच त्रास. खिडक्या उघड्या ठेवून सकाळी करा, अन् जवळ गॅस, उदबत्ती काहीच पेटलेलं नको, वाफ पेट घेते.

बंद करायला टिचबटण किंवा आयलेट (भोकात बसवायची धातूची गोल कडी) लावा, खाली लॅटेक्सचाच दुसरा तुकडा चिकटवून. धातू पितळेचा नको. मी एका पांढऱ्या कॉलरला पितळी आयलेट लावले होते, आठवड्याभरात भोवती तपकिरी डाग पडले अन् ते निघतच नाहीत, तांबं-पितळ रबराला डागवते. मला फार वाईट वाटलं, दोन रात्रींची मेहनत होती ती. तेव्हापासून स्टीलच.

खांद्यावर शिंगं-काटे पाहिजे असतील तर शीट नाही, लिक्विड लॅटेक्स लागते. ते प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कोरड्या साच्यात ओतलं की साचा पाणी शोषते अन् आत रबराचा थर धरते, उरलेलं ओतून द्यायचं, पूर्ण वाळलं की पावडर टाकून सोलायचं. साच्याला तेल लावायचं नाही. साच्याचं काम शिकायला महालातल्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, जाऊन त्यांचे हात चालताना पाहा, तेवढी समज दुसरीकडे कुठे मिळायची नाही.

शूटच्या आधी कलाकाराला विचारा, फुगे किंवा रबरी हातमोज्यांनी खाज येते का. येत असेल तर त्याला लॅटेक्स अजिबात नको, चमकतं रेक्झिन वापरा. बाकीच्यांना पण आदल्या दिवशी हातावर तुकडा बांधून पाहा. गळ्याला खोबरेल तेल, सनस्क्रीन काही नको, तेलाने रबर फुगून खराब होते. आतून टाल्कम पावडर टाका अन् हळूच चढवा, नखं कापलेली पाहिजेत. चमक यायला सिलिकॉन पॉलिश लावायचं ते टेकच्या, म्हणजे कॅमेरा सुरू व्हायच्या, अगदी आधी. काळ्या लॅटेक्समध्ये आरशासारखं सगळं दिसते, कॅमेरामन सुद्धा, म्हणून लाइट मोठा अन् पांढऱ्या कापडातून गाळून घ्या. बाहेरचं शूट सकाळी आठच्या आत उरकवा, प्रत्येक टेकनंतर कॉलर उघडून पाणी प्यायला द्या.

घरी आलं की कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, दोन्हीकडून पावडर लावा अन् काळ्या पिशवीत घालून अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा, लोखंडी पेटीत गच्चीवर नको. पांढरं अन् काळं वेगवेगळं ठेवा, रंग लागतो.