रास्पबेरी पाय झीरोच्या पाठीवर यूएसबी हब कसा जोडावा

रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू या छोट्याशा, एकाच बोर्डाच्या संगणकावर मायक्रो यूएसबीची दोन सॉकेटं असतात, पण डेटासाठी एकच. दुसरं फक्त वीज घेतं. हेडफोनचं सॉकेट तर नाहीच. त्यामुळे गाण्यांची पेटी करायची म्हटली, तर साउंड कार्ड, पेनड्राइव्ह आणि रिमोटचा रिसीव्हर या तिघांना मिळून एकच जागा उरते. ओटीजी केबल (मायक्रो यूएसबीला मोठं यूएसबी सॉकेट देणारी) आणि हब (एका पोर्टाचे अनेक करणारा) लावून काम होतं, पण तो सगळा गुंता डब्यात मावत नाही. अशा वेळी हबचं सर्किट थेट बोर्डाच्या मागच्या पॅडना, म्हणजे धातूच्या छोट्या उघड्या ठिपक्यांना, जोडता येतं.

सामान फारसं नाही: चार पोर्टांचा साधा यूएसबी २.० हब, डेटासाठी ३० गेजची आणि विजेसाठी २४ किंवा २६ गेजची वायर, ०.५ मिमी सोल्डर, फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप), बारीक टोकाचं तापमान बदलता येणारं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि २२० मायक्रोफॅरड, १० किंवा १६ व्होल्टचा कपॅसिटर. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात हे बहुतेक मिळून जातं. हब घेताना प्लास्टिकचं खोकं उघडता येईल असा घ्या.

सोल्डरिंगला हात घालण्याआधी तोच हब, त्याच तिन्ही वस्तू लावून, ओटीजी केबलवर चालवून पाहा. इथे चालला नाही तर पुढे वायरी जोडूनही चालणार नाही, आणि मग दोष नेमका कुठे हे शोधणं फार अवघड होतं.

आता हब उघडा. केबलमधली लाल वायर ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, पांढरी डी मायनसची आणि हिरवी डी प्लसची असा संकेत आहे. स्वस्त केबलमध्ये तो पाळलेला असेलच असं नाही. प्लगवर क्रम मात्र ठरलेला असतो: १ म्हणजे ५ व्होल्ट, २ डी मायनस, ३ डी प्लस, ४ ग्राउंड. मीटर बीपवर (जोड असला की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून प्रत्येक पिन हबच्या कोणत्या टाक्याला जाते ते लिहून ठेवा, मगच केबल काढा.

झीरो आणि झीरो डब्ल्यूच्या मागच्या बाजूला पीपी१ हा ५ व्होल्टचा पॅड, पीपी६ ग्राउंड, पीपी२२ डी प्लस आणि पीपी२३ डी मायनस. झीरो २ डब्ल्यूवर पॅडच्या जागा वेगळ्या आहेत. कोणताही बोर्ड असो, पॅड दाखवणाऱ्या चित्रावर विसंबू नका. ५ व्होल्टचा पॅड जीपीआयओच्या (बोर्डाच्या कडेच्या ४० पिनांच्या रांगेतल्या) पिन २ शी आणि ग्राउंड पिन ६ शी बीप द्यायला हवा. डेटासाठी डेटा सॉकेटमध्ये ओटीजी अडॅप्टर घाला आणि त्याच्या मोठ्या सॉकेटातल्या मधल्या दोन पिनांशी पॅड ताडून पाहा.

सोल्डरिंगच्या वेळी मेमरी कार्ड आणि वीज दोन्ही काढलेली हवीत. उन्हाळ्यात नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही, पण त्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. आयर्नचं टोक आणि टाका दोन्ही थंड पडतात, सोल्डर नीट वाहत नाही, आणि वरून जोडलेला दिसणारा टाका आतून सुटाच राहतो. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. पॅडवर फ्लक्स लावून आधी सोल्डरचा बारीक थेंब बसवा, वायरीच्या टोकालाही सोल्डर चढवा, मग चिमट्याने वायर त्या थेंबावर धरून दोन-तीन सेकंद टेकवा. जास्त वेळ टेकवलं तर पॅड बोर्डापासून उचलला जातो आणि तो परत बसत नाही.

आधी ग्राउंड जोडा, मग डेटाच्या दोन वायरी, शेवटी ५ व्होल्ट. डेटाच्या वायरी सारख्या लांबीच्या, एकमेकींभोवती पिळलेल्या आणि शक्यतो १० सेंटिमीटरच्या आत असाव्यात. यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. लांब आणि विस्कटलेल्या वायरीवर तो टिकत नाही. हब लागल्यावर मूळ डेटा सॉकेट मात्र वापरायचं नाही.

सगळं लक्ष डेटाच्या वायरींकडे जातं, पण अशा जोडणीचं खरं दुखणं बहुतेक वेळा विजेत असतं. इतर बहुतेक रास्पबेरी पाय बोर्ड व्होल्टेज ४.६३ च्या आसपास उतरलं की इशारा देतात. झीरोवर ती सोयच नाही. २८ गेजच्या एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण ०.४ ओम रोध असतो, म्हणजे १ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अडॅप्टर आणि जाड, आखूड केबल घ्या. तिन्ही वस्तू चालू असताना पीपी१ आणि पीपी६ मध्ये मोजा, ४.७५ च्या खाली आकडा नको. वस्तू खुपसताच बोर्ड रीस्टार्ट होत असेल, तर कपॅसिटर हबच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये, प्लस-मायनस पाहून लावा. हबला स्वतंत्र अडॅप्टर देणार असाल तर पीपी१ ची वायर जोडू नका, ग्राउंड मात्र जोडायलाच हवं. कूलरची मोटर आणि हा अडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर नको; मोटर चालू-बंद होतानाच्या झटक्याने यूएसबी वस्तू सुटतात.

वीज देण्याआधी ५ व्होल्ट आणि ग्राउंड, तसंच दोन्ही डेटा वायरी एकमेकींशी सलग बीप देत नाहीत ना, ते तपासा. मग हब रिकामा ठेवून बोर्ड सुरू करा आणि टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी आज्ञा चालवा. स्वस्त हबमध्ये बरेचदा एफई१.१एस ही चिप असते, तसा हब टर्मिनस या नावाने दिसतो. काहीच दिसलं नाही तर डीमेसेज (dmesg) या आज्ञेने सिस्टिमचे संदेश वाचा. हब ‘लो-स्पीड’ म्हणून येऊन एरर -७१ किंवा -११० येत असेल, तर डी प्लस आणि डी मायनसची अदलाबदल झाली आहे. बोर्ड सहसा त्याने जळत नाही, वायरी फिरवा. ‘हाय-स्पीड’ऐवजी ‘फुल-स्पीड’ येत असेल तर टाका कच्चा आहे किंवा वायरी लांब आहेत. पूर्वी झीरो गॅजेट म्हणून, म्हणजे दुसऱ्या संगणकाला जोडायची यूएसबी वस्तू म्हणून, वापरला असेल तर त्यासाठी घातलेल्या ओळी काढा, आणि कॉन्फिग फाइलमध्ये (config.txt) डीडब्ल्यूसी२ ओव्हरलेला डीआर मोड ‘होस्ट’ द्या (dtoverlay=dwc2,dr_mode=host). रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल बूट फोल्डरातल्या फर्मवेअर फोल्डरात असते.

शेवटी वायरी बोर्डाला चिकटवा, नाहीतर एका ओढीत पॅड उखडतो. ग्लू गनचा गोंद चालतो, पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद डब्यात तो मऊ पडू शकतो. त्यापेक्षा इपॉक्सी बरं. डब्याला खाली आणि वर भोकं ठेवा. प्रोसेसर ८० अंशांपुढे गेला की आपला वेग आपोआप कमी करतो आणि गाणं अडखळायला लागतं.