वर्गात जुना खटला मांडायचाय? आधी कोर्टापुढचा मुद्दा शोधा

खटला निवडण्यात आठवडा घालवू नका. साताऱ्यात शिकताय तर चवदार तळ्याचा घ्या, बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्याच शाळेत घातलं होतं, आणि आंबेनळी घाट उतरून महाडला जाऊन एका दिवसात तळं बघून परत येता येतं. पीपीटी, चार्ट वगैरे तुम्हाला येतंच.

आता जिथं सगळे अडकतात ते. "खटल्याची गोष्ट रंगवून सांगा" हा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. मी कॉलेजला हाच खटला मांडला तेव्हा वीस मिनिटं सत्याग्रह सांगत होतो, पोरं पण मन लावून ऐकत होती, आणि शेवटी सर म्हणाले, "हे आंदोलन झालं. कोर्टाला नेमकं ठरवायचं काय होतं?" हातात अकरा पानं होती आणि एकाही पानावर ते लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी आधी कोऱ्या कागदावर तीनच ओळी लिहायला लावतो: दावा कुणी लावला, मागितलं काय, कशाच्या जोरावर. पहिल्याच ओळीला निम्मी पोरं चुकतात, लिहितात की बाबासाहेबांनी केस केली. नाही! दावा महाडच्या सवर्णांनी लावला, १२ डिसेंबर १९२७ ला, बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्रतिवादी होते. वादींचं म्हणणं, तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथलं पाणी घ्यायचं नाही ही रूढी अनादि काळापासून चालत आलीय. १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, म्हणून डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावर जायचा बेत थांबवावा लागला. हे तीन ओळींत बसलं की मगच निकालपत्र उघडा, नाहीतर पान तीनवरच हरवाल.

निकालपत्र वाचताना एक धोका आहे. हायकोर्टानं अस्पृश्यता चूक ठरवली असं लिहायचा मोह होतो, मलाही झालेला. पण कोर्टापुढं तो प्रश्नच नव्हता. तळं नगरपालिकेचं ठरलं, राहिला रूढीचा मुद्दा, आणि ती अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी वादींवर होती, ते त्यांना जमलं नाही, म्हणून खालच्या कोर्टांत हरून वादी हायकोर्टात आले तेव्हा न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी त्यांचं अपील फेटाळलं. दहा वर्षं खेटे घालून पुराव्यावर जिंकलेला हा खटला आहे, आणि मला तर त्यामुळं तो जास्तच मोठा वाटतो. वर्गाला हे सांगायलाच पाहिजे.

तारखा पाठ करा: सत्याग्रह २० मार्च १९२७, हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७. दोन्हीकडे मार्च आणि शेवटी सात, त्यामुळं स्टेजवर हमखास गडबड होते.

मांडताना वादींची बाजू एका चांगल्या बोलणाऱ्या पोराला द्या आणि त्याला ती पूर्ण ताकदीनं मांडू द्या, मिशा पिळून खलनायक करायचा नाही, कारण समोरचं म्हणणं नीट कळलं नाही तर ते कुठं कोसळलं हेही वर्गाला कळत नाही.

प्रश्नांना दहा मिनिटं ठेवा. ब्रूमफील्ड हे नाव आलं की कुणीतरी विचारतंच. हो, १९२२ ला अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच.