उडी मारणारा कागदी बेडूक, कोकणातल्या पावसात

पावसाची सुट्टी जाहीर झाली, लाईट गेली, नेट गेलं आणि घरात दोन पोरं असली की हा बेडूक करायला घ्याच, कात्री सोडून काही लागत नाही. पण इंटरनेटवरच्या व्हिडिओत असतो तसा तो आपल्याकडे जुलैत टणकन उडत नाही आणि पोरं हिरमुसतात. चूक पोरांची नसते, कागदाची असते. पापड सादळतो तसा आपल्या हवेत कागदही सादळतो, त्यातले तंतू ओल शोषून मऊ पडतात, घडी धारदार बसत नाही आणि बेडकाला उडवणाऱ्या मागच्या दुहेरी घडीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, जोरच राहत नाही.

म्हणून आधी कागद बघा. कोरा ए-फोर, झेरॉक्सचा, ७५-८० जीएसएमवाला (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) चालतो. वर्तमानपत्र नको, ते फारच लुळं. कागद हातात घेऊन हलवला की खडखड वाजायला हवा. नाही वाजला तर लाईट असताना कमी गरम इस्त्री फिरवा (पाणी अजिबात मारू नका) आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून द्या. ओरिगामीतले, म्हणजे कागदाच्या घड्यांच्या जपानी कलेतले, मोठे कलाकार अकिरा योशिझावा (१९११-२००५) जाड कागद मुद्दाम ओलसर करून घड्या घालायचे, पण ते प्राण्याला गोलाई यावी म्हणून, आणि तो कागद नंतर वाळून कडक व्हायचा. आपल्याला उडी हवीय आणि आषाढात इथे आपोआप काही वाळत नाही, तेव्हा कागद कोरडाच पाहिजे.

आता माप. ए-फोरच्या लांबीच्या दिशेने ७ सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टीचे १४ सेंमीचे दोन तुकडे, म्हणजे एका कागदात सहा बेडूक. लांबीच्याच दिशेने कापायचं कारण असं की बहुतेक ए-फोरमध्ये तंतू लांबीच्या बाजूने असतात, आणि तंतूंना आडवी घातलेली घडी जास्त ताठ राहते. शेवटची स्प्रिंग आपण आडवीच घालणार आहोत. दुसरा कुठला कागद असेल तर दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेने वाकायला कुरकुर करतो ती बेडकाची लांबी ठेवा.

तुकडा उभा ठेवा. वरचा उजवा कोपरा डाव्या कडेवर आणा, वरची कड डाव्या कडेला बरोब्बर लागली पाहिजे, घडी करा आणि उघडा. तसंच डाव्या कोपऱ्याचं. वर फुली दिसेल. आता कागद उलटा करून फुलीच्या मध्यातून जाणारी एक आडवी घडी घाला, उघडा, परत सुलटा करा.

पुढची पायरी जिथे सगळे अडकतात, सावकाश करा. आडव्या घडीची डावी-उजवी टोकं धरून आत, मधल्या रेषेवर आणा, वरची कड आपसूक खाली येते आणि वर एक त्रिकोण तयार होतो. जबरदस्ती करावी लागत असेल तर समजा आडवी घडी सुलट्या बाजूनेच घातली गेलीय, उघडा आणि ती उलट बाजूने घाला. जमलं की त्रिकोण स्वतःहून मिटतो, लहान मुलांना हे बघायला खूप आवडतं, त्यांना एकदा उघडमीट करू द्या.

त्रिकोणाच्या वरच्या थराची दोन टोकं शेंड्याकडे वर दुमडा आणि जराशी बाहेर काढा, हे पुढचे पाय. मग खालच्या भागाच्या दोन्ही उभ्या कडा मधल्या रेषेपर्यंत आणा, वरची टोकं पायांच्या खाली सरकवा. आता खालची कड वर उचलून पुढच्या पायांच्या मुळाशी दुमडा, आणि त्याच कडेला परत अर्ध्यातून खाली दुमडा. झाली स्प्रिंग. बाकी सगळ्या घड्यांवर नख फिरवा, या दोन घड्यांवर मात्र नको, फक्त बोटाने दाबा. घट्ट दाबल्या की बेडूक चपटा पडून राहतो.

उलटा करा. पाठीच्या अगदी मागच्या कडेवर तर्जनी ठेवा, दाबा आणि मागे सटकवा. मधोमध दाबलंत तर तो जागचा हलणार नाही. कोलांट्याच खात असेल तर स्प्रिंग फार ताठ आहे, चिमटीत धरून थोडी सैल करा.

रंगाचं म्हणाल तर हिरवाच कशाला? पहिल्या पावसात भातखाचरांत डरांव डरांव करणारे मोठे बेडूक बघितलेत ना, त्यातले नर चक्क पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. तेव्हा पिवळा कागद घ्या, आणि स्केचपेनने गळ्याला दोन निळे ठिपके द्या. रंग घडी घालून झाल्यावरच द्या, आधी दिलात तर शाई कागदाला परत ओला करते.

शर्यत लावायची तर ओटीवर लावा, पण कोरड्या कोपऱ्यात. वाऱ्याबरोबर झड आत येते आणि एकदा पोट भिजलं की तो बेडूक बाद, दुसरा घ्यायचा. पाच शिल्लक आहेतच.