दहा रुपयांचे सुटे किती तऱ्हांनी?
मालवणच्या बाजारात सुट्यांची ओढाताण नेहमीचीच. दहा रुपये किती तऱ्हांनी देता येतील, असं पोरांनी विचारलं तर सुचतील तशा जोड्या लिहू नका; एखादी सुटते, एखादी दोनदा येते. ओटीवर नाणी मांडा नि आधी पाचची ठरवा. पाचची दोन: 1 तऱ्हा. पाचचं एक: उरले पाच, त्यात दोनची 0, 1 किंवा 2, म्हणजे 3. पाचचं एकही नाही: दोनची 0 ते 5, म्हणजे 6. रुपयाची नाणी मोजायचीच नाहीत, उरलेली रक्कम तीच भरून काढतात. खरी मेख इथे आहे. झाल्या 10, दहाचं अख्खं नाणं धरून 11. मग वीस रुपये घ्या, सुरुवात दहाच्या नाण्यापासून. वीसचं नाणं सोडून 40 यायला हव्यात.