रोमन चांदीच्या नाण्यावरचं चित्र कसं वाचायचं

सोलापूरहून धाराशिवमार्गे तेरला गेलात तर तिथलं लामतुरे संग्रहालय बघाच, तेर म्हणजे जुनं तगर, रोमन काळात मोठी व्यापारपेठ, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी प्रवास-व्यापाराच्या पुस्तकात नाव आहे त्याचं. ते बघून आलं की रोमन नाण्यांची ओढ लागतेच, म्हणून हे लिहितोय.

चांदीचं मुख्य नाणं डिनेरियस, इ.स.पू. 211 च्या सुमारास सुरू झालं, आकार साधारण आपल्या जुन्या स्टीलच्या चाराण्याएवढा. आधी वजन करा. पहिला रोमन सम्राट ऑगस्टसच्या वेळी 3.9 ग्रॅमच्या आसपास, मग नंतरचा सम्राट नीरोने इ.स. 64 मध्ये वजन आणि चांदी दोन्ही कमी केलं.

आता मोबाईलचा टॉर्च समोरून नको, बाजूने तिरका धरा, झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. कडेने गोल फिरणारी अक्षरं सलग असतात, मधे जागा सोडत नाहीत आणि यू च्या जागी व्ही असतो. टी आर पी दिसलं आणि पुढे रोमन आकडा असला तर खूश व्हा, ती सम्राटाच्या ट्रिब्यून या पदाच्या अधिकाराची खूण, तो अधिकार दरवर्षी नव्याने मिळायचा, त्यामुळे वर्ष काढता येतं.

पण खरी मजा मागच्या बाजूला. बरेच जण राजाचा चेहरा ओळखून थांबतात, मला ते पटत नाही, कारण राजाला लोकांना जे सांगायचं असायचं ते मागेच आहे. बाईच्या हातात काय आहे ते बघा. सुकाणू आणि फळांनी भरलेलं शिंग म्हणजे नशिबाची देवी फॉर्चुना, तराजू म्हणजे न्याय्य व्यवहाराची एक्विटास, सापाला खाऊ घालतेय तर आरोग्याची सॅलस, पंख असले तर विजयाची व्हिक्टोरिया. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या इ.स.पू. 42 च्या नाण्यावर तर दोन खंजीर, मधे गुलामगिरीतून सुटलेल्यांची टोपी आणि खाली सीझरला मारलं ती 15 मार्चची तारीख, किती थेट!

भारतात भरपूर सापडतं ते ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियसचं. मागे उजवीकडे तोंड करून बसलेली बाई, एका हातात लांब राजदंड, दुसऱ्यात फांदी, बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती त्याची आई लिव्हिया. कडेला पाँटिफ मॅक्सिम, म्हणजे मुख्य पुरोहित. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा-टिंबं असतील तर इथेच केलेली नक्कल असू शकते, तीसुद्धा तेवढीच मोलाची.

चिंच, राख, टूथपेस्ट काही लावू नका, घासलं की बारीक रेषा गेल्याच. आणि शेतात नांगरताना असं काही निघालं तर सराफाकडे नेऊ नका, 1878 च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, निघालेली जागा तशीच ठेवा आणि फोटो काढून ठेवा.