दोघं मिळून एल्कच्या शिकारीला निघताय? निदान या चुका टाळा

सप्टेंबर सरला की फोन सुरू होतात. "दादा, यंदा परवाना काढलाय. रायफल कुठली घेऊ?" गेली बारा वर्षं मी कोलोराडोत एका मित्राबरोबर एल्कच्या मागे डोंगरात जातो, म्हणून लोक मला विचारतात. विचारावं, मला आवडतं. पण रायफल, स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) आणि बुटांवर तासभर बोलणाऱ्यांपैकी एकानेही पहिल्या फोनवर "मारल्यानंतर तो खाली कसा आणायचा?" असं विचारलेलं मला आठवत नाही. वर्षानुवर्षं ज्या चुका बघतोय, त्यातल्या निम्म्या तिथेच सुरू होतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एल्क हा हरणाच्या कुळातला प्राणी. आपल्या सांबरापेक्षा थोराड, काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातेवाईक. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क कोलोराडोत आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार थांबली आणि ते योग्यच झालं. पण त्यामुळे रानात जनावराशी कसं वागायचं हे सांगणारं आपल्या घरांत कुणी उरलेलं नाही. इथे आलेला मराठी माणूस हे सगळं व्हिडिओ बघून शिकतो, आणि गोळी लागली की व्हिडिओ संपतो.

आधी कागदांचं उरकतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणून आधी परवाना, मगच रायफलला हात. मित्राची रायफल रेंजवर "नुसती बघायला" घेणंही नको. इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. तो एका रात्रीत क्लिक-क्लिक करून संपवणाऱ्यांबरोबर मी डोंगरात जात नाही.

उंचीबद्दल एवढंच सांगतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे आणि डेन्व्हर शहर १६०९ मीटरवर. म्हणजे विमानातून उतरलात की कळसूबाईच्या माथ्याजवळ पोचलात, आणि एल्क त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, तीन हजार मीटरच्या आसपास. न्यू जर्सीहून शुक्रवारी रात्री येऊन शनिवारी पहाटे चढायला लागणारे दुपारी तंबूत डोकं धरून ओकत बसलेले असतात. एक रात्र डेन्व्हरला काढा, दोन रात्री वर तळावर काढा, आणि त्या दोन दिवसांत फक्त दुर्बिणीतून डोंगर बघा. तिथे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे वरण-भातासाठी छोटा कुकर न्या. मी दरवर्षी नेतो.

आता ज्या चुकीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

आमचं दुसरं वर्ष होतं. जागा कोलोराडोतल्या फ्लॅट टॉप्स या डोंगरी पठाराची, ऑक्टोबरचा शेवट. तिथे १९४० च्या दशकात किडीने मारलेल्या स्प्रूसच्या झाडांचे राखाडी ओंडके अजूनही आडवेतिडवे पडलेले आहेत. एक ओलांडला की पुढे दुसरा असतोच. तीन दिवस काही दिसलं नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, कड्याच्या चारशे मीटर खाली, दरीतल्या गवतात एक नर बाहेर आला. ट्रक सहा किलोमीटर लांब. मित्र साताऱ्याकडचा, माझ्यापेक्षा धीराचा. तो म्हणाला, "थांब की जरा. हितनं काढायचा कसा?" मी म्हणालो, "ते बघू नंतर." दीडशे यार्डांपर्यंत उतरलो, रायफल पाठपिशवीवर टेकवली आणि गोळी घातली. चांगली लागली. तो वीस पावलांत पडला.

त्याच्याजवळ पोचेपर्यंत सव्वासहा झाले होते. हेडलॅम्प लावून आतडी-कोठा काढला. हात गारठले होते, जमिनीवर चार बोटं बर्फ होतं. दोघांनाही वाटलं, एवढ्या थंडीत फ्रीजच की हा. छाती उघडी राहावी म्हणून फासळ्यांमध्ये काठी अडकवली, जनावर कातडीसकट उजव्या कुशीवर तसंच ठेवलं आणि वर चढून रात्री अकराला तळावर पोचलो. सकाळी नऊला परत आलो. डावी बाजू ठीक होती. उजवी मांडी उघडली, तर हाडाजवळ मांस हिरवट पडलेलं आणि आंबूस वास. हातातली सुरी बाजूला ठेवून मित्र कितीतरी वेळ काही बोलला नाही. तीसेक किलो मांस आम्ही गमावलं. जो जीव घेतला, त्याची एक अख्खी मांडी माझ्या "बघू नंतर"मुळे गेली. ही गोष्ट मला अजून टोचते.

कारण साधं आहे. एल्कची कातडी आणि केस हिमवादळात जगण्यासाठी घडलेत. जीव गेला तरी ती कातडी आतली ऊब धरून ठेवते. मांडीचा गोळा जाड, त्याच्या मधोमध मोठं हाड, आणि मांस सडायला तिथूनच सुरुवात होते. खालची बाजू जमिनीला टेकलेली, म्हणजे तिकडून उष्णता बाहेर जायला वाटच नाही. हवा किती थंड आहे याने फारसा फरक पडत नाही, कातडी निघाली की नाही याने पडतो.

तेव्हापासून आम्ही पोट फाडतच नाही. जनावर कुशीवर ठेवायचं, पाठीच्या कण्यावरून चीर देऊन वरच्या बाजूची कातडी सोलायची. पुढचा पाय खांद्यासकट, मागचा पाय मांडीसकट, कण्यालगतची लांब पट्टी आणि मानेचं मांस काढायचं. मग उलटवून दुसऱ्या बाजूला तेच. कण्याच्या आतल्या बाजूच्या मऊ पट्ट्या शेवटी. मांडी काढल्या काढल्या हाडापर्यंत एक लांब चीर देतो, आतली वाफ जायला. सगळं कापडी पिशव्यांत घालून सावलीतल्या फांदीला टांगायचं, वारा लागेल असं. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही, मांस घुसमटतं. दोघांना दोन तास लागतात, अंधारात तीन. जनावर नर की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहायला हवा, आणि परवान्यासोबतचा टॅग भरण्याचं काम सुरी काढण्याआधीच करायचं. थकल्यावर हे विसरतं आणि वनरक्षकासमोर आठवतं.

हाडं काढली तरी चांगल्या नराचं मांस ऐंशी ते शंभर किलो भरतं. दोघांच्या पाठीवर पंचवीस-पंचवीस किलो धरा आणि फेऱ्या मोजा. वाटेतले ओंडकेही मोजा. म्हणून आमचा नियम असा: ट्रकपासून तीन किलोमीटरच्या पलीकडे किंवा खोल घळीत असलेल्या जनावरावर रायफल उचलायची नाही, शिंगं कितीही मोठी असोत. आणि दोघांपैकी एकाने "नको" म्हटलं की विषय संपला, दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. माझ्या मित्राने हा नियम तीन वेळा वापरलाय, आणि तिन्ही वेळा तो बरोबर होता.

काही चुका ओळीभरात सांगून होतात. प्रवासानंतर तळाजवळ रायफल पुन्हा झिरो करा, म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळवून घ्या, विमानात स्कोपला धक्के बसतात. केशरी किंवा गुलाबी चकाकता रंग टोपीसकट अंगावर हवा, कायद्यानेही आणि शहाणपणानेही. बहुतेक विभागांत नराच्या एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक निदान पाच इंचांचं लागतं. नीट मोजता येत नसेल तर गोळी घालू नका. कोलोराडोत खासगी जमिनीवर पाटी किंवा कुंपण असलंच पाहिजे असं नाही, हद्द ओळखणं ही तुमची जबाबदारी. सुती बनियन घरी ठेवा.

दुसरी मोठी चूक वाऱ्याची. तुम्ही कितीही हळू चाला, कितीही हिरवे-तपकिरी कपडे घाला, एल्कच्या नाकापुढे काही चालत नाही. नवखा माणूस पहाटे एकदा वारा बघतो आणि दिवसभर तोच धरून चालतो. डोंगरात वारा दिवसातून दोनदा फिरतो. रात्रीची थंड हवा जड असते, ती उतारावरून दरीकडे वाहते. ऊन उतारावर पडलं की हवा तापून वर चढू लागते. संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली.

पाचव्या वर्षी चाळीसेक एल्कचा कळप आमच्या वर, कुरणाच्या टोकाला चरत होता. पहाट होती, वारा त्यांच्याकडून आमच्याकडे, सगळं जुळलेलं. ऊन पडायच्या आत बाजूच्या सोंडेवरून त्यांच्या उंचीला जायला हवं होतं. त्या वर्षी आमच्याबरोबर एक तिसरा होता, पहिल्याच मोसमाचा. तो म्हणाला, "एवढा वळसा कशाला, सरळ वर जाऊ." मी नको म्हणायला हवं होतं. नऊच्या सुमारास, ते तीनशे यार्डांवर असताना, माझ्या मानेवर मागून गार झुळूक लागली. एका म्हाताऱ्या मादीने मान वर केली आणि सांबर ढांक देतं तसा एक तुटक, भुंकल्यासारखा आवाज काढला. अर्ध्या मिनिटात कुरण रिकामं. पुढचे तीन दिवस त्या दरीत आम्हाला एकही एल्क दिसला नाही.

खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा. मी दर दहा मिनिटांनी, आणि प्रत्येक वळणावर, एक फुंकर सोडतो. नवख्यांना कंटाळा येतो. येऊ दे. आणि घाम येईल इतक्या वेगाने चढू नका, वास तिथूनच येतो.

दोघांतल्या गोष्टी घरीच बोलून घ्या. पहिली गोळी कुणाची, हे आम्ही निघण्याआधी ठरवतो. कुरणाच्या कडेला कुजबुजत ठरवायची ही गोष्ट नाही. चालताना दोघांपैकी एकाच्याच चेंबरमध्ये काडतूस, मागच्याचं रिकामं. वेगळे झालो तर कुठे आणि किती वाजता भेटायचं हे कागदावर, दोन्ही खिशांत. सॅटेलाइट मेसेंजर असतोच, पण थंडीत बॅटरी दगा देते. गोळी लागल्यावर जनावर दिसेनासं झालं तर अर्धा तास घड्याळ लावून बसायचं. लगेच मागे धावलात तर जखमी जनावर मैलभर पळतं आणि रात्री कुठेतरी एकटं मरतं. याच्याइतकं वाईट काही नाही. त्या अर्ध्या तासात मित्राचं काम एकच: धावू पाहणाऱ्याला धरून ठेवणं.

घरी आल्यावर एक काम राहतं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग १९६७ मध्ये कोलोराडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला आणि आता रानातही आहे. डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये.

वाटणी आम्ही निम्मी-निम्मी करतो, गोळी कुणाचीही असो, एकाच काट्यावर तोलून. पांढरी चरबी आधी काढून टाका, ती जिभेला मेणासारखी चिकटते. मांडीचं मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला लावलं तर मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या. कण्यालगतच्या पट्टीला मात्र कुकर नको. तिच्यात चरबी नसल्यासारखीच, तासभर शिजवली तर दोरखंड होतो. बोटभर जाड काप, मीठ, कडकडीत तवा, चमचाभर तूप, एका बाजूला दोन मिनिटं आणि दुसऱ्या बाजूला दोन.