पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका

परदेशात इंग्रजी शिकवायला जाताना पदवी प्रमाणपत्रावर अनेक ठिकाणी अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर, लागते. तो स्टिकर मूळ कागदाच्या मागे चिकटवतात, शिक्केही तिथेच. लॅमिनेट केलेल्या कागदावर ते बसत नाहीत आणि प्लास्टिक सोलताना शाई निघून येते. मग विद्यापीठाकडून दुय्यम प्रत घ्यावी लागते, त्यात बरेच दिवस जातात.

१. प्रमाणपत्रावरचे नाव पासपोर्टशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे पदवीवर आडनाव आधी, पुढे वडिलांचे, कधी आईचेही नाव असते. फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

२. पदवी आधी राज्य पातळीवर साक्षांकित करून घ्या, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. मंत्रालय मूळ कागद थेट हातात घेत नाही, ते अधिकृत एजन्सीमार्फत द्यावे लागतात.

३. पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला) सर्वांत शेवटी काढा. अनेक देश तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालवून घेत नाहीत.

कतारसारखे देश अपोस्टिल मान्य करणाऱ्या हेग करारात नाहीत. तिथे अपोस्टिल पुरत नाही, त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. कुठला शिक्का हवा ते शाळेकडून लेखी मागवा.